थोरली ठाण्याची, धाकटी शारजाची: एका पात्रता फेरीचं प्रकरण

प्रश्न साधा वाटावा असा होता. मुलगी सोळा वर्षांची, ठाण्यात राहणारी, उजव्या हाताने सलामीला खेळणारी. आधी पंधरा वर्षांखालच्या आणि मग एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचणीत मुंबईच्या संघाच्या अगदी दारात येऊन अडकलेली. वडील शारजात नोकरीला. मग तिला तिकडे पाठवून यूएईकडून एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपची आशियाची पात्रता फेरी खेळवायची का? दहावीचा निकाल लागला होता, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा घोळ चालू होता, आणि त्याच जूनमध्ये, २०२५ साली, तिची आई (मी त्यांना वहिनी म्हणते) हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. मी मुलींच्या एका संघाचं व्यवस्थापन बघते. म्हणजे नावनोंदणी, दाखले, प्रवास, डबे आणि रडारड. कुटुंबाचं नाव, क्लब, शाळा इथे देत नाही. त्यांची परवानगी आहे, पण मुली लहान आहेत.

वहिनींच्या डोक्यात हे कोणी घातलं तेही सांगते. पावसामुळे मैदान बंद होतं, सराव घोडबंदर रोडच्या टर्फवर हलला होता, आणि तिथे जाळीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांत एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की गल्फमध्ये मुलींची स्पर्धाच नाही, इथे निवडीत पंधराव्या-सोळाव्या क्रमांकावर राहिलेली मुलगी तिकडे डोळे मिटून संघात येते आणि वर्ल्ड कप खेळून परत येते. असे गृहस्थ प्रत्येक नेटवर एक तरी असतात. त्यांचं सगळंच चुकीचं नसतं, हीच पंचाईत.

पात्रता फेरी हा प्रकार आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही, कारण भारताला ती खेळावीच लागत नाही. मुलींचा एकोणीस वर्षांखालील टी-ट्वेंटी वर्ल्ड कप पहिल्यांदा जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला. संघ सोळा. त्यातले अकरा आयसीसीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे, पूर्ण सदस्य, थेट आलेले. अफगाणिस्तान पूर्ण सदस्य असूनही महिला संघच नसल्यामुळे बाहेर. अमेरिका खंडातून यूएसए. उरल्या चार जागा, प्रत्येक विभागाला एक: आशियातून यूएई, आफ्रिकेतून रवांडा, युरोपातून स्कॉटलंड, पूर्व आशिया-पॅसिफिकमधून इंडोनेशिया. २०२५ मध्ये स्पर्धा मलेशियात होती, त्यामुळे मलेशियाला यजमान म्हणून जागा मिळाली. आशियाच्या पात्रता फेरीतून नेपाळ आला, बाकीच्या विभागांतून नायजेरिया, सामोआ, स्कॉटलंड आणि पुन्हा यूएसए. म्हणजे एका अख्ख्या खंडाला एक खुर्ची, आणि ती दोन वर्षांतून एकदाच.

वहिनींनी २०२३ ची स्पर्धा मोबाइलवर पाहिली होती. यूएईच्या संघातली नावं ऐकून त्यांना वाटलं होतं, या तर आपल्याच सोसायटीतल्या मुली! ते खरंच आहे. त्या संघाची कर्णधार तीर्था सतीश होती. बहुतेक मुली भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन घरांतल्या. भारताविरुद्धच्या सामन्यात आपण ३ बाद २१९ केल्या, शफाली वर्माने ३४ चेंडूंत ७८, आणि यूएई २० षटकांत ५ बाद ९७ वर थांबली. वहिनींनी यातून अर्थ काढला, संघ कच्चा आहे, आपली सहज बसेल. मला त्याच आकड्यांत दुसरं दिसत होतं. शफाली, श्वेता सेहरावत यांच्यासमोर वीस षटकं उभं राहून निम्मा संघ नाबाद ठेवणं ही त्या मुलींसाठी लहान गोष्ट नव्हती. आणि ज्या जागेवर आपण नजर ठेवतोय, त्या जागेसाठी तिथे वर्षानुवर्षं राहून अकादमीत घाम गाळणाऱ्या अशाच घरांतल्या मुली रांगेत आहेत. आपल्यासाठी ती रिकामी ठेवलेली नाही.

पण कच्चेपणाचं म्हणाल तर सर्वांत बोलकं उदाहरण जून २०२२ चं. आशियाची पात्रता फेरी मलेशियात होती: यूएई, नेपाळ, थायलंड, मलेशिया, भूतान, कतार. बांगीच्या मैदानावर यूएईने नेपाळला ८ धावांत गुंडाळलं. एका बॅटरच्या नव्हे, अख्ख्या संघाच्या आठ धावा. डावखुरी वेगवान गोलंदाज महिका गौर हिने २ धावांत ५ बळी घेतले आणि यूएईने सामना सात चेंडूंत संपवला. अशा स्पर्धेत नेट रन रेटचं, म्हणजे गुण सारखे झाले की क्रम ठरवणाऱ्या धावगतीच्या फरकाचं, काय होतं ते वहिनींना कागदावर मांडून दाखवलं. संघ सर्वबाद झाला की त्याने किती षटकं खेळली ते बघत नाहीत, पूर्ण वीस धरतात. म्हणजे त्या सामन्यात नेपाळची धावगती षटकाला ०.४०. सहा संघांच्या आठवडाभराच्या स्पर्धेत असा एक तास आला की पुढचे सामने जिंकूनही हिशेब जुळणं कठीण. आपल्याकडे मुलगी एका सामन्यात भोपळा काढते आणि पुढच्या रविवारी पुन्हा खेळते. तिथे पुढचा रविवार दोन वर्षांनी येतो.

आणि तोच नेपाळ पुढच्याच खेपेला आशियातून पात्र ठरून २०२५ च्या वर्ल्ड कपला गेला. यूएई घरी राहिली. जाळीबाहेरच्या गृहस्थांच्या सांगण्यात ही गोष्ट नव्हती. २०२३ नंतर कोणी केवळ वर्ल्ड कपसाठी मुलीला तिकडे नेलं असतं, तर २०२५ ला तिच्या हातात काहीच आलं नसतं.

इथवर खेळाचं झालं. प्रकरण खरं फिरलं ते कागदांवर.

मी वहिनींना सांगितलं, दोघी मुलींचे पासपोर्ट, जन्मदाखले आणि व्हिसाची जुनी पानं घेऊन या. धाकटीचे कशाला, असं त्या म्हणाल्या. धाकटी तेव्हा बारा पूर्ण होती, डावखुरी फिरकी टाकते, मजेत टाकते, आणि तिच्याबद्दल कोणी काही विचारलेलंच नव्हतं. तरी घेऊन या म्हटलं.

कोणत्या देशाकडून खेळता येतं याचे आयसीसीचे निकष मुळात तीन, आणि त्यातला एक जरी पुरा झाला तरी चालतं. त्या देशात जन्म झालेला असणं. त्या देशाचा वैध पासपोर्ट असणं. किंवा लगतच्या आधीची सलग तीन वर्षं त्या देशात कायमचं, मुख्य घर असणं. पासपोर्टचा प्रश्नच नव्हता, चौघेही भारतीय. वडिलांचा सगळा भरवसा तिसऱ्या निकषावर होता. रात्री व्हिडिओ कॉलवर आले, आपले साडेदहा म्हणजे तिकडचे नऊ, जेवणाचं ताट समोर ठेवूनच. म्हणाले, "ताई, ती चार महिन्यांची असताना इथे आणली. बाराव्या वर्षापर्यंत इथेच वाढली. बारा वर्षं झाली ना, तीन कुठे घेऊन बसलात?"

बारा वर्षं झाली होती हे खरं. पण कोविडनंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात, कंपनीने पगार कापला, शाळेची फी झेपेना, म्हणून आई आणि मुली ठाण्याला परतल्या. वडील एकटे मागे राहिले, एका खोलीत तिघे अशा जागेत. नियमात शब्द आहे 'लगतची'. आधीची बारा वर्षं त्यात धरली जात नाहीत, आणि लगतची चार वर्षं मुलीचं घर खारीगावात होतं. रेसिडेन्स व्हिसाचीही तीच गत: यूएईबाहेर सलग १८० दिवसांहून जास्त राहिलं की तो सर्वसाधारणपणे रद्द होतो. मुलींचे व्हिसा केव्हाच गेले होते. नवा काढता आला असता, वडील प्रायोजक आहेतच. पण व्हिसाचा शिक्का म्हणजे घर नव्हे. तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून लावावं लागलं असतं.

मग मी पासपोर्ट उघडले. थोरलीच्या पासपोर्टवर जन्मस्थान ठाणे. धाकटीच्या पासपोर्टवर जन्मस्थान शारजा.

वहिनी पाहतच राहिल्या. त्यांच्या सासूबाईंनी मात्र लगेच उलगडा केला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत. सातव्या महिन्यात चोळी-ओटी झाली आणि वहिनी विमानाने चरईला, आईकडे आल्या. मार्च २००९ मध्ये थोरली ठाण्यात जन्मली, महापालिकेचा दाखला निघाला, बारसं झालं, आणि चार महिन्यांनी मायलेकी शारजाला. दुसऱ्या वेळी थोरलीची बालवाडी होती, विमानाची तिकिटं महाग होती, आजीचे गुडघे धरलेले. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये धाकटी तिथल्याच इस्पितळात झाली. तिचा दाखला अरबी-इंग्रजी, त्यावर शिक्क्यांवर शिक्के. तिथे जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही, हे गल्फमधल्या प्रत्येक घराला पाठ असतं. म्हणून त्या दाखल्याला घरात कोणी कधी किंमत दिली नव्हती. पण आयसीसीचा जन्माचा निकष नागरिकत्व विचारत नाही. जन्म कुठे झाला एवढंच विचारतो.

थोडक्यात, जिच्यासाठी सगळी धावपळ चालली होती ती थोरली यूएईसाठी अपात्र, आणि जिचं नावही निघालं नव्हतं ती धाकटी जन्मतःच पात्र. बाळंतपण माहेरी की सासरी, एवढ्याच फरकावर.

थोरलीचं गणित मग त्याच बैठकीत पुरं केलं. जुलै २०२५ ला ती तिकडे कायमची गेली असती, तर तीन वर्षं जुलै २०२८ ला पुरी झाली असती. पुढचा वर्ल्ड कप २०२७ चा, बांगलादेश आणि नेपाळमध्ये. तो हातचा गेला. हा दोन वर्षांचा क्रम टिकला तर त्यापुढचा २०२९ चा, आणि तेव्हा ती एकोणीस ओलांडून विसाव्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे कितीही चांगली खेळली, तरी यूएईच्या मुलींच्या एकोणीस वर्षांखालील पात्रता फेरीत तिला एक चेंडूही खेळता येणार नव्हता. वडिलांनी मोठ्या संघाचा मुद्दा काढला. तो बरोबर होता. जुलै २०१८ पासून आयसीसीच्या सगळ्या सदस्य देशांच्या महिला संघांना टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, आणि १९ व्या वर्षी ती रीतसर पात्र झाली असती. पण तो वेगळा निर्णय, वेगळ्या वयातला. अकरावी-बारावी सोडून आज घ्यायचा नव्हे.

आता सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. मला हे अपेक्षितच होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलं नाही. कालपर्यंत जी फक्त बॉल आणून द्यायला होती, तिच्या नावावर रातोरात बेत सुरू झाले. वडिलांनी महिका गौरचं नाव घेतलं. तिचं बरोबर माहीत होतं त्यांना: बाराव्या वर्षी, २०१९ मध्ये, ती यूएईच्या मोठ्या संघाकडून खेळली होती. "मग आपली का नाही? आपलीही बाराची, आपलीही डावखुरी."

कारण २०२० मध्ये आयसीसीने किमान वयाची अट आणली. पंधरा पूर्ण झाल्याशिवाय कोणताही आंतरराष्ट्रीय सामना नाही, एकोणीस वर्षांखालचाही नाही. अपवादात्मक परिस्थितीत त्या देशाचं क्रिकेट मंडळ आयसीसीकडे अर्ज करू शकतं, पण तो अपवाद आपल्या घरासाठी लिहिलेला आहे असं धरून चालणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढून गृहकर्जाला सही करणं. धाकटीची पंधरा वर्षं ऑक्टोबर २०२७ ला भरतात. आधीचे दोन्ही वर्ल्ड कप जानेवारीत सुरू झाले होते, आणि त्यांच्या पात्रता फेऱ्या साहजिकच त्याआधी. २०२७ तिच्याही हातून गेला. तिचं खरं लक्ष्य असलंच तर २०२९, वय सोळा.

महिकाच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट होती, जी वडिलांनी वगळली होती. ती पुढे इंग्लंडकडून खेळली, २०२३ मध्ये. कारण तिचा जन्म रेडिंगचा. म्हणजे तिच्याही बाबतीत शेवटी जन्मस्थानाचाच दाखला कामी आला, आणि सहयोगी (म्हणजे आयसीसीचा पूर्ण सदस्य नसलेल्या) देशाकडून खेळलेली मुलगी पूर्ण सदस्य देशाकडे जाऊ शकते हेही दिसलं. वहिनींची जी सर्वांत मोठी भीती होती, की एकदा यूएईचा शर्ट घातला की भारताचं दार कायमचं बंद, ती त्यामुळे बरीच कमी झाली. पुरती गेली नाही, आणि जाऊही नये. नियम आड येत नाही म्हणजे निवड होते असं नाही.

या सगळ्यात थोरली गप्प होती. नंतर तिने मला एकटीला विचारलं, "ताई, म्हणजे मी आजोळी झाले म्हणून?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती हसली, मग म्हणाली की तिला तसंही तिकडे जायचं होतं ते क्रिकेटपेक्षा बाबांसाठी. त्यांच्या खोलीतले तिघे सगळे डाळ-भातच खातात. हे वाक्य मी निर्णयाच्या हिशेबात धरलं नाही, धरायचं कारणही नव्हतं, पण वहिनींना सांगितलं.

निर्णय काय झाला? कोणीही कुठे गेलं नाही. माझं मत मी स्पष्ट दिलं होतं. थोरलीला यूएईत युवा क्रिकेटचं दार नाही, हे कागदावर सिद्ध आहे, तेव्हा तिने मुंबईतच टिकून खेळावं. ठाणे, नवी मुंबई हे सगळं मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतं. उरलेला महाराष्ट्र पुण्याच्या असोसिएशनकडे, विदर्भ नागपूरकडे. एका राज्यात तीन संघ आहेत, पण ठाण्याच्या मुलीला त्यातला सर्वांत दाटीचा मिळतो, ही तक्रार मी रोज ऐकते. तरीही आठवडाभराच्या पात्रता फेरीत पाच सामने मिळतात. इथे क्लब, कॉलेज, चाचणी सामने धरले तर एका हंगामात त्याहून कितीतरी जास्त. सोळाव्या वर्षी मुलीला सामने हवेत. जर्सी नंतर.

मी तिच्या प्रशिक्षकांशीही बोलले. चाचणीत ती दोन्ही वेळा एकाच कारणाने मागे पडली होती: पॉवरप्लेत, म्हणजे पहिल्या सहा षटकांत, चेंडू सोडते फार, आणि क्षेत्ररक्षणात हात सावकाश. यूएईला गेली असती तरी हे दोन्ही दोष सामानात बरोबर गेले असते. त्यांनी तिला पावसाळाभर टर्फवर सहा षटकांचे सामने खेळवले आणि यष्टिरक्षणाचे ग्लोव्ह्ज दिले. ग्लोव्ह्जचा प्रयोग मला सुरुवातीला पटला नव्हता. अजूनही अर्धाच पटलाय. पण चेंडू हातात येण्याआधी हलायची सवय तिला लागली, हे डोळ्यांना दिसतं. त्या हंगामात ती सराव सामन्यांच्या यादीपर्यंत गेली, अंतिम संघात नाही.

धाकटीसाठी मी फक्त एवढंच सुचवलं की मूळ जन्मदाखला वडिलांनी तिकडे खोलीत न ठेवता इथे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा, आणि शाळेच्या सुट्टीत ती बाबांकडे जाईल तेव्हा तिथल्या एखाद्या अकादमीत खेळावं. पात्र असणं एक, निवडलं जाणं दुसरं. तिथले निवडकर्ते ठाण्यातल्या मुलीला दाखला पाहून बोलावणार नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर तिने चेंडू टाकायला हवा. धाकटीचं उत्तर ठरलेलं होतं: "तिकडच्या उन्हात नाही खेळायचं मला. संध्याकाळी असेल तर खेळीन." मी तिच्या बाजूने आहे. तिथे उन्हाळ्यात दुपारी कोणी शहाणा माणूस मैदानात उतरत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २ तारखेला खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने महिलांचा वनडे वर्ल्ड कप जिंकला. या घराला तिकिटं मिळाली नाहीत, टीव्हीवर पाहिला. शफाली, प्रतिका रावलच्या दुखापतीमुळे ऐनवेळी संघात आलेली, ८७ करून गेली आणि वर दोन बळी. दुसऱ्याच दिवसापासून माझा फोन वाजू लागला. नेटवर मुलींची संख्या वाढली, आणि अमेरिकेतून, गल्फमधून, त्यातला एक कतारमधून, याच प्रश्नाचे फोन आले: मुलगी इकडे आणू, की तिकडूनच खेळवू? आता मी खेळाबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, जन्म कुठला, गेली तीन वर्षं घर कुठे, आणि पंधरा कधी भरतात. निम्मे फोन तिथेच संपतात. कतारवाल्यांचा संपला नाही. त्यांच्या मुलीचा जन्म दोह्याचा, वय चौदा, घरही अजून तिकडेच. त्यांना म्हटलं, ठाण्याला यायची घाई कशाला करता?